शंभराच्या नोटेचा खोटा हिशेब

अमळनेरच्या आडतीवर एकतीस वर्षं मी दिवाणजी होतो. त्यामुळे चुकीची बेरीज दिसली की जेवण गोड लागत नाही. गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला भावकीच्या, सोसायटीच्या, हरिपाठाच्या अशा सात ग्रुपांवर आला. लांबलचक आहे, सार सांगतो.

शंभराची नोट लाख वेळा हात बदलली तरी शंभरच राहते. मोबाइलने दिलं की दर वेळी अडीच टक्के कापले जातात. तीस हातांतून फिरले की पंचाहत्तर रुपये बँकेचे आणि पंचवीस तुमचे. स्कॅनर लावला की हॅकर खातं रिकामं करतो, नगद मात्र कोणी हॅक करू शकत नाही. स्कॅनरवाल्या दुकानदाराला जीएसटीची नोटीस येते, आणि लवकरच नोटा बंद करून सगळ्यांना मोबाइलवर आणणार आहेत. तेव्हा मोबाइलमधलं सगळं काढून टाका आणि अंगठा लावून नगद काढा, कारण अंगठा कोणी चोरू शकत नाही. शेवटी जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा’.

माझ्या भाच्याचं किराणा दुकान आहे. त्याने स्कॅनरची पाटी काढून गल्ल्याखाली ठेवली आणि मला विचारलं, “मामा, खरं असेल का हो?” म्हणून हे लिहायला बसलो.

आधी वजाबाकी. अडीच टक्के कापतात असं घटकाभर धरू. पहिल्या हाताला शंभरातले अडीच गेले, उरले साडेसत्त्याण्णव. दुसऱ्या वेळी अडीच टक्के या साडेसत्त्याण्णवांवर लागतील, शंभरावर नाही. असं तीस वेळा केलं तर उरतात ४६ रुपये ७९ पैसे. पंचवीस नव्हेत. हा हिशेब आडतीवरच्या नव्या पोराने लिहिला असता तर शेठने त्याला त्याच संध्याकाळी घरी पाठवलं असतं.

पण मूळ आकडाच इथे लागू नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. भाच्याच्या पाटीवर कोणी खात्यातून शंभर पाठवले तर खात्यात शंभरच येतात. मी त्याचं पासबुक ओळ न् ओळ ताडून पाहिलंय. शुल्क आहे ते क्रेडिट कार्डावर. इतर डेबिट कार्डांवर वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला जास्तीत जास्त ०.४० टक्के, मोठ्या दुकानाला ०.९० टक्के. पैसे जमा झाले की बोलणाऱ्या डब्याचं महिन्याचं भाडं असतं, ते वेगळं. आणि यूपीआय फुकट आहे म्हणजे त्याचा खर्च कोणीच करत नाही असंही नाही. छोट्या दुकानांतल्या व्यवहारांसाठी केंद्र सरकारने २०२४-२५ करता १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. ते पैसे तुमच्याआमच्या करातलेच.

नोट तरी फुकट असते का? त्याच २०२४-२५ मध्ये नोटा छापायला रिझर्व्ह बँकेला ६,३७२ कोटी रुपयांहून जास्त खर्च आला. आणि ‘शंभर शंभरच राहतात’ हे वाचून तर मला हसू आलं. खेडा खरेदीत कापूस मोजून झाला की व्यापारी विचारायचा, “चेक देऊ की नगद?” चेक घेतला तर आठ-पंधरा दिवस थांबायचं. नगद हवी तर शेकड्यामागे दीड-दोन रुपये कटती. पोरीच्या लग्नाची तारीख धरलेला माणूस मुकाट नगद घ्यायचा. ती कटती मी माझ्या हाताने वहीत मांडली आहे. त्याही आधी हुंडी, म्हणजे व्यापाऱ्याची पैसे देण्याची चिठ्ठी होती, तिच्यावर बट्टा, म्हणजे कपात होती. आज कापूसवाल्याच्या खात्यात मोजमाप संपायच्या आत पूर्ण रक्कम जमा होऊ शकते. ज्याला ती कटती खायची असते तो आजही म्हणतो, नेट नाही, नगद घे.

आता हॅकर. स्कॅनर म्हणजे दारावरची नावाची पाटी. पैसे कुठे पाठवायचे तो पत्ता त्यावर असतो. पाटी वाचून कोणी घरात शिरत नाही. यूपीआयने खात्यातून पैसे बाहेर जायला बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम असलेला तोच मोबाइल लागतो आणि सहसा पिन लागतो. (यूपीआय लाइटमध्ये किरकोळ रक्कम पिनशिवाय जाते, पण तीही आपणच आधी बाजूला काढून ठेवलेली असते.) दुकानदाराला धोका आहे तो निराळाच. रात्रीतून कोणी त्याच्या पाटीवर स्वतःची पाटी चिकटवतो, किंवा गर्दीच्या वेळी खोट्या ॲपवरची हिरवी खूण दाखवून सामान घेऊन जातो. यात्रेत, आठवडे बाजारात हे प्रकार फार. डबा बोलल्याशिवाय पिशवी सोडायची नाही, एवढं भाचा पाळतो.

खातं रिकामं होतं ते कसं, हे माझ्या शेजारच्या नानांकडून ऐकावं. नानांनी जुनी मोटारसायकल विकायला मोबाइलवर टाकली. “मी फौजेत आहे, भाव मान्य, बयाणा पाठवतो” असा एकाचा फोन आला. त्याने एक चौकोन पाठवला. म्हणाला, “हा स्कॅन करा, पिन टाका, साडेनऊ हजार जमा होतील.” नानांनी टाकला आणि साडेनऊ हजार गेले. तो म्हणाला, “चुकून उलटे गेले, परत घ्यायला पुन्हा टाका.” नानांनी पुन्हा टाकला. एकोणीस हजार! नाना ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, “आते काय करू, भो?”

यात हॅकर कुठे आहे? कुलूप नानांनीच उघडलं, दोनदा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, एवढं एक वाक्य नानांना आधी कोणी सांगितलं असतं तर एकोणीस हजार वाचले असते. सात ग्रुपांवर फिरणाऱ्या त्या लांबलचक मेसेजात तेवढंच वाक्य नाही. माझा राग आहे तो यावर. भीती सगळी यंत्राची घातली आणि फोनवर गोड बोलणाऱ्या माणसाबद्दल अवाक्षर नाही.

चोरही शिकतात. दुसऱ्याच्या मोबाइलवर ‘पैसे द्या’ अशी मागणी पाठवायची सोय होती, तिचा इतका गैरवापर झाला की १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय बंद केली गेली. आता लग्नपत्रिका येते, गाडीच्या दंडाची पावती येते, पीएम किसानच्या हप्त्याची यादी येते. उघडायला जावं तर ती पत्रिका नसून ॲपची फाइल असते. ती घेतली की आपले मेसेज, ओटीपीसकट, तिकडे दिसू लागतात. लग्नसराईत पत्रिका न उघडणं आपल्याकडे अपमान समजतात, हे त्यांना नेमकं ठाऊक आहे.

नाना लाजेने चार दिवस गप्प बसले. तेच महागात पडलं. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लगेच फिरवला असता तर पैसे पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता होती. चोर ते काही तासांत चार-पाच खात्यांतून फिरवून काढून घेतात. इथे दुसरा एक मेसेज फिरतो, की तीन दिवसांत कळवलं तर बँक सगळे पैसे परत देते. तोही अर्धाच खरा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं ठरलं: चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्यानेच घात केला, आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काही भार नाही. पिन आपणच टाकला किंवा सांगितला, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे कसंही असलं तरी फोन आधी करायचा, रडायचं मग.

‘नगद कोणी हॅक करू शकत नाही.’ बरोबर आहे, नगद हॅक करावी लागत नाही, डिक्की फोडावी लागते. बँकेतून पैसे काढून माणूस पानाच्या टपरीवर थांबला आणि परत येऊन पाहतो तर डिक्की उघडी, हे आपल्याकडे दर हंगामात होतं. पण मी आकड्यांत लबाडी करणार नाही. यूपीआयमधल्या फसवणुकीची २०२३-२४ ची नोंद १,०८७ कोटी रुपयांची. त्या वर्षीची उलाढाल सुमारे २०० लाख कोटी. म्हणजे लाखामागे साधारण साडेपाच रुपये. हा आकडा मिरवणारेही आहेत. त्यांनी दुसरा आकडाही सांगावा: सगळ्या प्रकारच्या सायबर फसवणुकीत देशभरात २०२४ या एका वर्षात लोकांचे २२,८४५ कोटी गेले. त्यात खोटी शेअर गुंतवणूक आली, पोलीस असल्याचं भासवून फोनवरच केलेली ‘डिजिटल अटक’ आली. अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही, तरी शिकलेली माणसं दारं लावून व्हिडिओ कॉलसमोर बसतात.

जीएसटीची भीती अगदीच निराधार नाही. जुलै २०२५ मध्ये बंगळूरुच्या छोट्या विक्रेत्यांना मोबाइलवर जमा झालेल्या रकमांवरून नोटिसा गेल्या, आणि तिथे ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. पण कर मालावर असतो, पैसे कसे आले यावर नाही. माल विकणाऱ्याला नोंदणी लागते ती वर्षाला चाळीस लाखांच्या पुढे. आणि ताजी भाजी, केळी, दूध यांवर जीएसटी नाहीच. बामणोदची भरीताची वांगी विकणाऱ्या मावशीने का घाबरावं?

नोटा बंद होणार म्हणतात त्यांच्यासाठी एकच जोडी: नोव्हेंबर २०१६ मध्ये चलनात सुमारे १८ लाख कोटी रुपये होते, मार्च २०२५ ला ३६ लाख कोटींच्या वर. दुपटीहून जास्त. पुढे जाऊ.

मेसेजातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं. ‘अंगठा कोणी चोरू शकत नाही.’ आणि हे खान्देशात फिरवायचं! देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला वाटले ते आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. आज धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर बँक म्हणजे केंद्रावरचा पोरगा आणि त्याचं अंगठ्याचं यंत्र. मजुरीचे पैसे, पेन्शन, लाडक्या बहिणीचे दीड हजार, सगळं त्याच यंत्रातून निघतं. शाखा तीस-चाळीस किलोमीटरवर असली की त्या यंत्राला पर्याय नाही, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण सुरक्षित कशाला म्हणायचं ते नीट पाहू. या व्यवहाराला आधार क्रमांक लागतो, बँकेचं नाव लागतं आणि बोट लागतं. पिन नाही, ओटीपी नाही. देशात काही ठिकाणी जमीन खरेदीच्या नोंदवलेल्या दस्तांवरचे ठसे उचलून त्यांचे रबरी साचे करून खाती साफ केली गेली. म्हणून २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने बोट जिवंत आहे की नकली हे तपासणारी नवी व्यवस्था आणली. पिन फुटला तर दोन मिनिटांत बदलता येतो. बोट बदलून कुठून आणणार?

आणि साच्याची गरजही नेहमी पडत नाही. “बोट नीट लागलं नाही, परत लावा,” एवढं म्हटलं की पुरतं. पहिल्यांदा निघालेले पैसे त्याच्याकडे, दुसऱ्यांदाचे आजीच्या हातात. आजीला पासबुक भरून आणायला कोणी तालुक्याला नेत नाही, तोवर कळत नाही. त्यामुळे पावती मागायची, शिल्लक मोठ्याने वाचून घ्यायची, ‘परत लावा’ म्हटलं की आधी मागची पावती मागायची. मोबाइल नंबर आधारला जोडलेला असेल तर आधारच्याच ॲपवर बोटाचे ठसे कुलूपबंद करता येतात, फुकट; लागेल तेव्हा उघडायचे. माझे बंद आहेत. नानांचे मी करून दिले. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे नातवाने बसून करावेत.

मेसेज लिहिणाऱ्याने खरी दुखणी हाताशी असून सोडून दिली. भाच्याचं खातं मागच्या वर्षी नऊ दिवस गोठलं होतं. कारण विचाराल तर ३४० रुपये. कुठल्याशा परराज्यातल्या फसवणुकीचे पैसे फिरत फिरत एका गिऱ्हाइकाच्या खात्यात आले होते, आणि त्याने त्यातून तेलाची पिशवी आणि साबण घेतला. बँकेने सगळं खातं थांबवलं, घाऊक व्यापाऱ्याचा चेक परत गेला, आणि मी बिलं घेऊन तीन चकरा मारल्या. त्या ३४० पुरती रक्कम अडकवून ठेवता आली असती. याबद्दल कोणी मेसेज लिहिला तर मी स्वतः पुढे पाठवीन.

दुसरं दुखणं बंद पडण्याचं. १२ एप्रिल २०२५, शनिवार, हनुमान जयंती. देशभर यूपीआय अडखळलं. दुकानात प्रसादाचं सामान घ्यायला ही गर्दी, आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलवर नुसतं चक्र फिरतंय. अर्ध्या लोकांच्या खिशात दहाची नोट नाही. भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी गल्ल्याच्या मागून जुनी वही काढली, पेन्सिलला टोक केलं आणि नावं लिहीत गेलो: चौदा जण, एकूण २,८६० रुपये. संध्याकाळी डबा एकेक करत बोलायला लागला. रात्री वही मिटताना बारा नावांवर काट मारली होती. उरलेल्या दोघांतला एक दुसऱ्या दिवशी नगद देऊन गेला. दुसऱ्याचे ११० अजून येणे आहेत, आणि तो मेसेज मला भावकीच्या ग्रुपवर त्यानेच पाठवलाय.